किकॅड ९ ची लांबी जुळवणारी साधनं: मिलिमीटर पक्के, पिकोसेकंदांचा हिशेब तुमचा

वेगवान सिग्नलांचा बोर्ड किकॅड या सर्किट-बोर्ड आखण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये करता येईल का, या प्रश्नाचं उत्तर आता निःशंकपणे हो असं देता येतं. डीडीआर३ मेमरी, गिगाबिट इथरनेट, यूएसबी, एलव्हीडीएस कॅमेरा, पीसीआय एक्सप्रेसच्या पहिल्या तीन पिढ्या हे सगळं या मोफत, मुक्त-स्रोत सॉफ्टवेअरमध्ये नीट उतरतं. अट एकच. या आवृत्तीत साधनं लांबी मोजतात, वेळ मोजत नाहीत. सिग्नलला मिलिमीटर कळत नाहीत, त्याला फक्त पोहोचायला लागलेला वेळ असतो. त्यामुळे तपासणीत सगळं हिरवं दिसत असतानाही बोर्डावर ४०-५० पिकोसेकंदांचा स्क्यू (एकत्र पोहोचायला हव्यात अशा सिग्नलांच्या वेळांतला फरक) शिल्लक राहू शकतो. हे परीक्षण फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेल्या नवव्या आवृत्तीचं आहे.

आधी साधनांबद्दल. बोर्ड एडिटरमध्ये तीन आज्ञा आहेत: कळ ७ एकट्या ट्रॅकची (तांब्याच्या रेषेची) लांबी जुळवते, ८ डिफरन्शियल जोडीची (एकमेकींच्या उलट सिग्नल नेणाऱ्या दोन तारांची) एकत्रित लांबी, आणि ९ त्या जोडीतल्या दोन तारांमधला फरक म्हणजे स्क्यू. ट्रॅकवर क्लिक करून माउस ओढत गेलं की नागमोडी वळणं आपोआप तयार होतात आणि शेजारच्या छोट्या चौकटीत चालू लांबी व लक्ष्य दिसत राहतं. वळणांची उंची आणि त्यांच्यातलं अंतर ओढता ओढताच १ ते ४ या कळांनी कमीजास्त होतं. सर्नच्या अभियंत्यांनी घडवलेल्या ढकलत-सरकवत जाणाऱ्या राउटरवरच (ट्रॅक आखणाऱ्या साधनावरच) हे सगळं उभं आहे, म्हणून वळणं शेजारच्या तांब्यावर चढत नाहीत. ठरवलेलं अंतर पाळूनच ती बसतात.

खरा फरक आठव्या आवृत्तीपासून पडला. त्याआधी नागमोडी भाग म्हणजे नुसते सुटे ट्रॅकचे तुकडे असायचे. लक्ष्य अर्ध्या मिलिमीटरने बदललं तरी सगळं पुसून पुन्हा काढावं लागे. आता तो नमुना एक स्वतंत्र वस्तू आहे: निवडा, कोपरे ओढा, गुणधर्मांत नवं लक्ष्य टाका, आणि तो स्वतःला पुन्हा आखून घेतो. मेमरीच्या एका बाइटमध्ये आठ डेटा रेषा, एक मास्क (बाइट लिहायचा की नाही हे सांगणारी रेषा) आणि डीक्यूएसची (डेटा कधी टिपायचा हे सांगणाऱ्या सिग्नलची) जोडी असते. शेवटच्या क्षणी एक रेषा लांबली की बाकी सगळ्यांना हात लावावा लागतो. तिथे या एका सुधारणेची किंमत कळते.

सुरुवात करण्यापूर्वी तीन गोष्टी तपासल्याच पाहिजेत, नाहीतर पुढचे सगळे आकडे पोकळ ठरतात. पहिली, बोर्ड सेटअपमधला स्टॅकअप, म्हणजे थरांची रचना. तिथे आधीपासून भरलेल्या जाडी तुमच्या कारखान्याच्या नसतात. कारखान्याकडून प्रत्येक प्रीप्रेग आणि कोअरची (तांब्याच्या थरांमधल्या इन्सुलेशनच्या थरांची) दाबल्यानंतरची जाडी मागून घ्या आणि तीच भरा. दुसरी, त्याच सेटअपमधल्या मर्यादांच्या पानावर ट्रॅकच्या लांबीत स्टॅकअपची उंची धरण्याचा पर्याय आहे. तो चालू असेल तरच व्हायातून (थरांना जोडणाऱ्या तांब्याच्या छिद्रातून) खाली उतरलेलं अंतर लांबीत धरलं जातं. १.६ मिमी बोर्डावर वरून थेट तळाला जाणारी व्हाया म्हणजे दहा पिकोसेकंदांहून जास्त. तिसरी, नेटची (प्रत्येक विद्युत जोडणीची) नावं. जोडीतल्या दोन नावांचं मूळ तंतोतंत एकच हवं आणि शेवटी अधिक-उणे चिन्ह किंवा पी-एन हवं. स्किमॅटिकमध्ये (सर्किटच्या आराखड्यात) कुणी एका तारेच्या नावात भलतंच अक्षर घातलं की ८ आणि ९ या आज्ञांना जोडीदार सापडत नाही आणि दोष राउटरचा वाटतो.

आता मुख्य मुद्दा. सिग्नलला एक मिलिमीटर कापायला लागणारा वेळ म्हणजे ३.३३६ गुणिले परिणामी परावैद्युत स्थिरांकाचं वर्गमूळ, उत्तर पिकोसेकंदांत. आतल्या थरावर ट्रॅकच्या दोन्ही बाजूंना लॅमिनेट असतं, म्हणून ४.२ स्थिरांकाच्या एफआर-४ वर (बोर्डांच्या नेहमीच्या काच-रेझिन साहित्यावर) हा वेळ सुमारे ६.८ येतो. बाहेरच्या थरावर वर हवा असते, परिणामी स्थिरांक ३.१ च्या आसपास उतरतो आणि वेळ ५.९ होतो. सोल्डर मास्क तो किंचित वाढवतो. किकॅडच्या सोबतच येणाऱ्या कॅल्क्युलेटरमधलं ट्रान्समिशन लाइनचं पान तुमच्या रुंदी-जाडीसाठी हा परिणामी स्थिरांक काढून देतं. तो आकडा घेऊन प्रत्येक सिग्नल थराचा पिकोसेकंद प्रति मिलिमीटर आधी काढा आणि बोर्डाच्या फाइलमध्येच मजकूर म्हणून लिहून ठेवा.

म्हणजे ५० मिमीची एक रेषा वरच्या थरावर आणि ५० मिमीची दुसरी आतल्या थरावर असेल तर किकॅडच्या लेखी स्क्यू शून्य. प्रत्यक्षात पहिली २९५ पिकोसेकंदांत पोहोचते, दुसरी ३४० मध्ये. डीडीआर३-१६०० च्या एका बिटाला ६२५ पिकोसेकंद मिळतात, त्यातले ४५ इथेच गेले. डीडीआर४-३२०० ला ३१२.५ मिळतात, तिथे हाच फरक बिटाच्या सातव्या हिश्श्याएवढा होतो. वेळ जुळवायची तर वरची रेषा मुद्दाम ५७.६ मिमी ठेवावी लागेल, आणि तेव्हा लांबीची तपासणी तक्रार करेल.

यावर सर्वात स्वस्त उपाय आखणीतच आहे: एका गटातल्या सगळ्या रेषा एकाच थरावर, सारख्याच संख्येच्या व्हायांसह न्या. एका बाइटच्या अकरा तारा एका थरावर बसवल्या की मिलिमीटर आणि पिकोसेकंद यांच्यातलं नातं गटभर एकच राहतं आणि किकॅडचा निकाल विश्वासार्ह ठरतो. दुसरा बाइट दुसऱ्या थरावर गेला तरी चालतं, त्याचं लक्ष्य वेगळं ठेवायचं. व्हायांची संख्या सारखी ठेवण्याचं कारण असं की व्हायाचं पॅड आणि प्लेनमधलं (सलग तांब्याच्या थरातलं) छिद्र मिळून थोडा कपॅसिटन्स जोडतात. त्यामुळे व्हाया तिच्या उंचीवरून वाटते त्याहून हळू असते, आणि हे लांबीच्या हिशेबात कुठेच येत नाही. एखादी रेषा थर बदलतेच, असं टाळता येत नसेल तर दोन्ही भागांची लांबी वेगळी मोजून, आपापल्या दराने गुणून, त्या एका नेटसाठी स्वतंत्र लक्ष्य लिहावं लागतं. चार-पाच नेटपुरतं हे जमतं. चाळीस नेटवर करायची वेळ आली तर थरांची वाटणीच पुन्हा पाहावी.

लक्ष्य कुठे लिहायचं? साधनाच्या चौकटीत हाताने टाकता येतं, पण ते टिकाऊ नाही. बोर्ड सेटअपमधल्या स्वतंत्र नियमांत लांबीची मर्यादा लिहा: किमान, इष्ट आणि कमाल. इष्ट आकडा जुळवणीचं साधन लक्ष्य म्हणून उचलतं आणि डीआरसी (आखणीच्या नियमांची आपोआप होणारी तपासणी) किमान-कमाल तपासतं, म्हणजे एकाच ओळीवर दोन्ही कामं. उदाहरणार्थ, एका बाइटसाठी ४१.५, ४२ आणि ४२.५ मिमी. आतल्या थरावर ही मोकळीक अधिक-उणे ३.४ पिकोसेकंद होते, डीडीआर३-१६०० साठी ती पुरेशी कडक आहे. स्क्यूसाठीही वेगळी मर्यादा लिहिता येते, पण बससाठी आमचा कल किमान-कमाल लांबीकडे आहे. कुठली रेषा चुकली आणि किती, हे प्रत्येक नेटगणिक थेट कळतं.

इथे नवव्या आवृत्तीतला एक खड्डा सांगायलाच हवा. आता एका नेटला एकाहून जास्त नेटक्लास (सारखे नियम लागणाऱ्या नेटचे गट) लावता येतात. सोय उत्तम आहे. पण जुन्या नियमांत नेटक्लासचं नाव बरोबर-चिन्हाने तपासलं असेल, तर दुसरा क्लास लागताच एकत्रित नाव वेगळं होतं आणि अट जुळेनाशी होते. नियम गुपचूप बाजूला पडतो, डीआरसी स्वच्छ दाखवतं. नव्या आवृत्तीत त्यासाठी हॅजनेटक्लास हे फंक्शन आहे, तेच वापरा. नियमांच्या पानावरचं बटण फक्त व्याकरण तपासतं, नियम खरंच कुणाला लागू होतो का ते नाही. खात्री करायची साधी रीत अशी: मर्यादा क्षणभर अशक्य करा, कमाल लांबी १ मिमी लिहा आणि डीआरसी चालवा. गटातल्या प्रत्येक नेटवर चूक उमटली तर नियम जिवंत आहे.

वळणांच्या आकाराबद्दल

नागमोडी भागात ट्रॅकचे पाय एकमेकांना समांतर धावतात. ते फार जवळ असले तर सिग्नलचा काही अंश वळसा न घेता एका पायावरून थेट पुढच्या पायावर उडी मारतो. परिणामी सिग्नलचा काठ (० ते १ असा त्याचा बदल) लांबीच्या हिशेबाहून लवकर पोहोचतो आणि त्याचा आकारही बिघडतो. म्हणजे तुम्ही ८ मिमी वाढवले, पण उशीर मात्र ८ मिमीचा मिळाला नाही. उपाय: दोन पायांच्या कडांमधलं अंतर खालच्या प्लेनपर्यंतच्या परावैद्युत जाडीच्या किमान तिप्पट, जागा असेल तर पाचपट. जाडी ०.१ मिमी असेल तर ०.३ ते ०.५ मिमी. चौकटीत अंतर टाकल्यावर तयार नमुना मोजपट्टीच्या साधनाने कडेपासून कडेपर्यंत एकदा मोजून पाहा. ट्रॅकची रुंदी धरून प्रत्यक्ष फट किती उरली, महत्त्व त्याला आहे. उंच आणि दाट वळणांपेक्षा बुटकी आणि विरळ वळणं चांगली, जागा जास्त लागली तरी. कोपरा तिरका की गोल, यावर या वेगांना वेळ घालवू नका.

राउटरला प्लेन दिसत नाही, हेही ध्यानात ठेवावं. नागमोडी भाग प्लेनमधल्या फटीवर किंवा व्हायांच्या जाळीतल्या मोठ्या छिद्रावर बसला तरी साधन खूश असतं. तिथे इम्पीडन्स (सिग्नलला जाणवणारा विरोध) बदलतो, परतीचा प्रवाह वळसा घालतो आणि जुळवलेली लांबी निरर्थक होते. जुळवणी संपली की शेजारचा प्लेन थर दाखवून प्रत्येक नमुन्याखाली तांबं सलग आहे का, हे डोळ्यांनीच पाहावं लागतं.

कामाचा क्रमही महत्त्वाचा. सगळ्या रेषा आधी जुळवणी न करता पूर्ण टाका, नेट इन्स्पेक्टरमध्ये (सगळ्या नेटच्या यादीत) लांबीनुसार लावा, आणि सर्वात लांब रेषा गटाच्या सरासरीपेक्षा फार पुढे असेल तर इतरांना लांबवण्याआधी तीच आखूड करता येते का ते पाहा. बाइटच्या आतल्या डेटा बिटांची अदलाबदल कंट्रोलरची कागदपत्रं जिथे मान्य करतात, तिथे दोन पिना बदलून कित्येक वळणं वाचतात. न काढलेलं वळण क्रॉसटॉक (शेजारच्या रेषेत सिग्नलची गळती) करत नाही.

नेट इन्स्पेक्टर ट्रॅक, व्हाया आणि डाय (चिपच्या आतला सिलिकॉनचा तुकडा) अशी लांबी वेगवेगळी दाखवतो, ही त्याची मोठी जमेची बाजू. पण तो नेटवरचे सगळे तुकडे मिळवतो. टेस्ट पॉइंटकडे गेलेली फांदी किंवा पॅडखाली विसरलेला उरलासुरला तुकडा त्यात येतो, तर जुळवणीचं साधन त्याला दिसणाऱ्या वाटेपुरतंच पाहतं. दोन ठिकाणी दोन आकडे दिसले तर आधी असे तुकडे शोधा. मेमरीचा पत्ता एका चिपकडून दुसरीकडे जातो तिथे एकूण लांबीला अर्थच नसतो. त्यासाठी नियमांच्या अटीत फ्रॉमटू हे फंक्शन आहे, दोन पॅडची नावं देऊन त्यांच्यातलंच अंतर तपासता येतं. हे थोडं कष्टाचं आहे, पण अशा साखळी म्हणजे फ्लाय-बाय रचनेला पर्याय नाही.

डिफरन्शियल जोडी

कळ ९ चं साधन एका तारेवर छोटे उंचवटे टाकून दुसरीशी बरोबरी करतं. अंतिम आकडा शून्य येतो, आणि बरेच जण तिथे थांबतात. पण फरक कुठे निर्माण झाला आणि कुठे भरला, हे तितकंच महत्त्वाचं आहे. कनेक्टरपाशी एका वळणात बाहेरची तार ०.८ मिमी लांब झाली आणि भरपाई ६० मिमी पुढे केली, तर मधल्या सगळ्या अंतरात दोन काठ सुमारे ५ पिकोसेकंद मागेपुढे धावतात. तेवढ्या भागात डिफरन्शियल ऊर्जेचा अंश कॉमन मोडमध्ये (दोन्ही तारांत एकसारख्या धावणाऱ्या सिग्नलमध्ये) जातो, आणि तो पुढे केबलमधून किरणोत्सर्जन म्हणून बाहेर येतो. भरपाई विषमतेच्या लगतच करायची: वाकड्या पॅडपाशी, वळणाच्या तोंडाशी. जोडीच्या वाटेवर प्रत्येक बिंदूला फरक किती आहे, हे किकॅड ९ तपासत नाही. कॅडन्सच्या अलेग्रो या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी डायनॅमिक फेज नावाची तपासणी आहे. इथे ते डोळ्यांनी आणि शिस्तीने करावं लागतं. वळणं डावी-उजवी समसमान ठेवली तर बराच फरक आपोआप मिटतो.

आणि जो स्क्यू कुठलंच लांबीचं साधन पकडत नाही तो काचेच्या विणीचा. एफआर-४ मधल्या काचधाग्याचा स्थिरांक ६ च्या आसपास, रेझिनचा ३ च्या आसपास. १०६ किंवा १०८० सारख्या विरळ विणीवर जोडीतली एक तार धाग्यावर आणि दुसरी फटीवर आली, की लांबी समान असूनही वेग वेगळा. समजा एका तारेला ३.८ आणि दुसरीला ४.० स्थिरांक मिळाला, तर दर मिलिमीटरला ०.१७ पिकोसेकंद फरक साचतो. १५० मिमीत २५ पिकोसेकंद. पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीत बिट १२५ पिकोसेकंदांचा असतो, म्हणजे पाचवा हिस्सा गेला. उपाय दोन: कारखान्याकडे १०६७, १०७८ किंवा १०८६ सारखी पसरट विणीची काच मागणे, किंवा ट्रॅक विणीशी तिरके नेणे. किकॅडमध्ये मुक्त कोनाचा पर्याय आहे, पण तो टक्कर दाखवणाऱ्या मोडमध्येच चालतो, ढकलणाऱ्या मोडमध्ये नाही. म्हणून लांब जोड्या तिरक्या टाकायच्या असतील तर आधी त्या टाका, बाकीची गर्दी नंतर. किंवा संपूर्ण बोर्ड पॅनेलवर दहा अंश फिरवायला कारखान्याला सांगा, पॅनेलवरची जागा थोडी वाया जाते पण लेआउटला हात लावावा लागत नाही.

पॅकेजच्या आतली लांबी

मोठ्या बीजीए (पोटाखाली सोल्डरच्या गोळ्या असलेल्या) चिपमध्ये डायपासून गोळीपर्यंतचं अंतर पिनागणिक बदलतं, आणि तो फरक काही मिलिमीटरांचाही असू शकतो. किकॅडमध्ये प्रत्येक पॅडला पॅड ते डाय लांबी लिहिण्याचा रकाना आहे आणि तो हिशेबात धरला जातो. पण तो लांबी मागतो, आणि एएमडीचं व्हिवाडो हे सॉफ्टवेअर पिनांचा विलंब पिकोसेकंदांत देतं. तो तुमच्या बोर्डावरच्या त्या गटाच्या थराच्या दराने भागा. ३४ पिकोसेकंद म्हणजे आतल्या थरासाठी ५ मिमी, वरच्यासाठी ५.८. पॅकेजमधली खरी भौतिक लांबी इथे नको, तिचा वेग वेगळा असतो. आकडे बोर्डावर हाताने न लिहिता फूटप्रिंटच्या (भागाच्या पॅडांच्या साच्याच्या) लायब्ररीत लिहावेत, नाहीतर पुढच्या वेळी फूटप्रिंट लायब्ररीतून ताजे केले की ते जातील.

हाच रकाना आणखी एका उणिवेवर कामी येतो. मालिकेतला रेझिस्टर किंवा कपॅसिटर आला की किकॅड ९ साठी ती दोन वेगळी नेट होतात, आणि त्यांची बेरीज तो करत नाही. अल्टियम या सॉफ्टवेअरमध्ये एक्ससिग्नल हे काम करतात. इथे मार्ग असा की ड्रायव्हरपासून रेझिस्टरपर्यंतचा छोटा तुकडा आधी पक्का करून त्याला कुलूप लावा, आणि त्याची लांबी रेझिस्टरच्या पलीकडच्या पॅडच्या डाय लांबीत भरा. मग दुसऱ्या नेटवर एकूण आकडा बरोबर येतो. ही युक्ती बोर्डावरच्या पॅडवर करावी लागते, म्हणून स्किमॅटिकमध्ये टिपण ठेवा. पहिला तुकडा कुणी हलवला तर आकडा आपोआप बदलत नाही.

किती जुळवायचं, हे साधन सांगत नाही, आणि अति जुळवणीने बोर्ड बिघडतात. ०.१ मिमी म्हणजे ०.६ पिकोसेकंद. एएमडीच्या ७-मालिकेतल्या एफपीजीएच्या (आतली रचना बदलता येणाऱ्या चिपच्या) इनपुट विलंबाची एक पायरी २०० मेगाहर्ट्झ संदर्भावर ७८ पिकोसेकंदांची, म्हणजे वरच्या थरावरचे तब्बल १३ मिमी. जिथे असा अंशांकित विलंब प्रत्येक बिटाला मिळतो, तिथे दशांश मिलिमीटरांसाठी वळणांची गर्दी करणं चूक आहे. पीसीआय एक्सप्रेसमध्ये जोडीच्या आतली तारांची बरोबरी कडक हवी, पण एक लेन दुसरीच्या काही मिलिमीटर मागे असली तरी रिसीव्हर नॅनोसेकंदांचा फरक स्वतः भरून काढतो. लेन-लेन जुळवण्यात वेळ घालवू नका. डीडीआर३ मध्येही राइट लेव्हलिंगमुळे (लिहिताना प्रत्येक बाइटची वेळ जुळवण्याच्या सोयीमुळे) दोन बाइटांमधला फरक कंट्रोलर सांभाळतो, बाइटच्या आत मात्र तुम्हीच.

आरजीएमआयआयमध्ये (इथरनेटच्या मॅक आणि फाय या दोन भागांमधल्या दुव्यात) क्लॉक डेटापेक्षा १.५ ते २ नॅनोसेकंद उशिरा हवा. तो ट्रॅकने द्यायचा म्हटलं तर २ नॅनोसेकंदांना वरच्या थरावर ३४० मिमी लागतात. इतकी वळणं कुठे बसवणार? तो फाय किंवा मॅकच्या आतच चालू करा, पण दोघांपैकी एकाच ठिकाणी. दोन्हीकडे चालू राहिला तर क्लॉक सुमारे ४ नॅनोसेकंद सरकतो. १२५ मेगाहर्ट्झला दोन्ही काठांवर डेटा धरताना एक बिट ४ नॅनोसेकंदांचाच असतो, म्हणजे क्लॉकचा काठ थेट पुढच्या बिटाच्या बदलावर पडतो. लिंक जुळल्याचा दिवा लागतो, पाकिटं मात्र सीआरसी (डेटा शाबूत आहे का याच्या तपासणीच्या) चुकीने पडत राहतात. मग लेआउटला दोष दिला जातो, जेव्हा दुरुस्ती एका रजिस्टरची किंवा एका स्ट्रॅप रेझिस्टरची असते.

एवढं सगळं पाहता शिफारस अशी: एका बाजूला चार ते आठ थरांचा बोर्ड, डीडीआर३ किंवा शांत वेगाची डीडीआर४, एक-दोन पीसीआय एक्सप्रेस लेन, इथरनेट, कॅमेरा, अशा कामाला किकॅड ९ निःसंकोच घ्या. नागमोडी नमुन्यांची संपादनक्षमता आणि नियमांची भाषा यांत तो पैसे मोजून घेतलेल्या साधनांपुढे उणा वाटत नाही. दुसऱ्या बाजूला डीडीआर५, २५ गिगाबिटच्या सिरियल लेन, किंवा एकाच गटाचे सिग्नल नाइलाजाने चार थरांवर विखुरलेले असतील, तर वेळेत मोजणारं साधन आणि स्वतंत्र फील्ड सॉल्व्हर (विद्युतक्षेत्राचं गणित करणारं सॉफ्टवेअर) लागेल. ते नसताना हे काम हाती घेऊ नये. आणि कुठलंही साधन असो, कारखान्याला फाइल पाठवताना इम्पीडन्सच्या कुपनासोबत (चाचणीच्या तुकड्यासोबत) प्रत्येक सिग्नल थरावरची एक सरळ १०० मिमीची रेषाही पॅनेलच्या कडेला मागून घ्या. टीडीआरवर (काठ सोडून त्याच्या परतीचा वेळ मोजणाऱ्या उपकरणावर) तिच्या टोकावरून परत येणाऱ्या काठाचा वेळ आधी दोनने, मग १०० ने भागला की त्या थराचा खरा पिकोसेकंद प्रति मिलिमीटर हातात येतो, आणि पुढच्या आवृत्तीची लक्ष्यं त्याच आकड्यावर ठरवता येतात.